मागचा डावा

म्हाळाप्पा, त्या दिवशी घोंगडीखाली तुम्ही बोट दाबले होते की नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

तुमच्याविषयी लोकांना जे बोलायचे होते ते बोलून झाले आहे. तुमची मेंढरे, तुमची तट्टे, तुमचा स्वभाव, सगळे त्यात आले. मला त्यात भर घालायची नाही. मी बोलणारा माणूस नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण एका प्रश्नाचे उत्तर मला हवे आहे, आणि ते देऊ शकणारा माणूस तुमच्याखेरीज दुसरा कोणी नव्हता. म्हणून हे लिहितो आहे.

आपली पद्धत आपल्या दोघांनाच ठाऊक होती. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत कोणाला घोडी घ्यायची असली की तो आधी आपल्या दारी येई. वरातीची असो, शर्यतीच्या बैलगाड्यापुढे पळवायची असो, की नुसती हौसेची. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला साधा पशुधन पर्यवेक्षक. तुम्ही मात्र पहिल्या भेटीपासून मला 'डाक्टर' म्हणालात, आणि तुम्ही म्हणालात म्हणून सगळा गाव म्हणू लागला. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे चाळीस वर्षांत मला उलगडले नाही.

मी डोळ्याने पाहत असे. घोडी आधी ठाणावर पाहायची, बाहेर काढण्यापूर्वी. पाठीवर हात ठेवून घाम वाळलेला आहे का ते पाहायचे, कारण लंगडे जनावर अर्धा तास फिरवून आणले की तासभर नीट चालते. मग पायांवरून हात फिरवायचा. कुठे हाताला गरम लागते, कुठे ते दचकते. मग कठीण जमिनीवर आधी कदम चाल, नंतर दुडकी. दोरी ढिली सोडायला लावायची. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा उचलतो. हे मला शिकवले गेले होते आणि मी ते नीट शिकलो होतो.

तुम्ही पाठ फिरवून उभे राहत असा. भिंतीकडे किंवा बांधाकडे तोंड. विकणारा हमखास हसे. तुमचे डोळे मिटलेले असत आणि चारही टापा तुम्ही कानाने मोजत असा. दुखरा पाय हलका पडतो, एवढे तर मलाही ठाऊक होते. पण तो हलकेपणा ऐकू येतो हे मला ठाऊक नव्हते.

शेवटी आपण घोंगडीखाली हात घालत असू. बाजारात लोक भावासाठी हात झाकतात. आपण निकालासाठी झाकत होतो, म्हणजे विकणाऱ्यासमोर मतभेद दिसू नये. पहिले बोट दाबले तर पुढचा डावा पाय. मधले म्हणजे पुढचा उजवा. अनामिका म्हणजे मागचा डावा. करंगळी म्हणजे मागचा उजवा. घोडी निर्दोष असेल तर पूर्ण मूठ. त्यानंतर मोठ्याने बोलायचे ते मी, कारण तुमच्या मते सरकारी आवाजाला लोक घाबरतात.

ती पांढरी वरातीची घोडी तुम्हाला आठवत असेल. विकणारा अत्तर लावून आला होता. मला चाल सरळ दिसली, मान स्थिर दिसली. मी मूठ दिली. तुम्ही आधी पहिले बोट दाबले आणि मग मधले. मला वाटले, तुमचा गोंधळ झाला. तुम्हाला बाजूला घेतले.

"काय दिसलं तुम्हाला, डाक्टर?"

"चाल सरळ आहे. मान हलत नाही."

"न्हाईच हलणार. एका पायानं लंगडणाऱ्याची मान हलती. दोन्ही पायांनी लंगडणाऱ्यानं मान कुणाकडं हलवायची?"

मग तुम्ही सरळ त्या माणसाकडे गेलात. "मालक, उजव्या नालेत खडा बसलाय. तेवढा काढा, म्हंजी डाव्या पायाला काय झालंय ते घोडीच सांगंल."

माणूस तापला. पण खूर उचलला तेव्हा खडा तिथे होता, नीट ठोकून बसवलेला. दुखऱ्या डाव्याला झाकण्यासाठी त्याने चांगला उजवा दुखवला होता. परतताना मी तुम्हाला विचारले, कसे कळले. तुम्ही म्हणालात, "दोन्ही पाय भीत भीत पडत व्हते. डोळ्याला घोडीचा रंग दिसतो, डाक्टर. कानाला रंग न्हाई दिसत."

त्यावर आपला जो वाद सुरू झाला तो तुम्ही जाईपर्यंत संपला नाही. मी म्हणत असे, कान अनुभव सांगतो, पुरावा सांगत नाही. डोळ्याने पाहिलेले दुसऱ्याला दाखवता येते. तुम्ही म्हणत असा, दाखवता येतं म्हणूनच त्यात फसवता येतं. मी कधी हार मानली नाही. पण चाळीस वर्षांत तुमचे बोट दाबले गेल्यावर मी एकही घोडी कोणाला घेऊ दिली नाही, हेही खरे आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. तुम्ही मोजले असेल, असे मी धरून चाललो.

आता त्या दिवसाकडे येतो. त्याला वळसा घालण्याची माझी इच्छा पुष्कळ आहे.

घोडी तुमच्याच लेकासाठी, सोपानसाठी घ्यायची होती. रांजणगावच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा छत्तीस वर्षांचा कर्ता माणूस, दोन मुलींचा बाप. पण यात्रा जवळ आली की त्याला दुसरे काही सुचत नाही. बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठल्यापासून त्याने दुसऱ्यांच्या घोड्या पळवल्या होत्या. आता त्याला स्वतःची हवी होती. दौंडच्या बाजूला, भीमेच्या पलीकडे, एका बागायतदाराकडे कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाची, घोडी असल्याचे त्याला कळले होते.

तुमच्या उजव्या हाताला तेव्हा वर्षभर कंप होता. चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरू लागला होता. त्याविषयी आपण बोलत नव्हतो.

आपण तिघे दौंडकडे निघालो आणि वाटेत न्हावऱ्याला चहासाठी गाडी थांबवली. तुम्ही रस्ता ओलांडायला निघालात. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या लावलेला. त्याने तीनदा हॉर्न दिला. तुम्ही थांबला नाहीत. मी दंड धरून ओढले तेव्हा चाक आपल्यापासून हातभर अंतरावर होते. ट्रॅक्टरवाला ओरडला, "आबा, घरी सांगून आलाय का?" तुम्ही हसलात. मला हसू आले नाही. मी भ्यालो होतो, आणि भ्यालेला माणूस कठोर बोलतो.

मी म्हणालो, "म्हाळाप्पा, आता तुमचा कान राहिला नाही. आज घोडी मी पाहतो. तुम्ही नुसते उभे राहा."

सोपान चहाच्या ग्लासाकडे पाहत राहिला. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "बरं."

चाळीस वर्षे ज्याने माझे एकही विधान वादाशिवाय सोडले नाही, तो माणूस 'बरं' म्हणाला. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

बागायतदार सरळ माणूस वाटला. "बघा, तपासा, उचला, वाकवा. माझी कशाला ना न्हाई," असे म्हणून तो बाजूला झाला. घोडी ठाणावर थंड उभी होती. सहा वर्षांची, छाती रुंद, पायांच्या नळ्या कोरड्या, सूज नसलेल्या. पाय कुठेही हाताला गरम लागत नव्हते. गोठ्यापुढे काँक्रीटचा लांब पट्टा होता, नुकताच धुतलेला. सोपानने तिला दोरीवर नेले आणि आणले. तुम्ही सवयीने पाठ फिरवून बाभळीकडे तोंड केलेत.

बागायतदार म्हणाला, "बाबा रुसले काय?"

तुम्ही तिकडूनच म्हणालात, "पोरीला बघाय आल्यावर टक लावून बघू न्हाई. लाजती."

सगळे हसले. तुम्हीही, मीही. ते मी ऐकलेले तुमचे शेवटचे हसणे असेल असे वाटले नव्हते.

घोडी कदम चालली, दुडकली, डावीकडे गोल फिरली, उजवीकडे फिरली. मान स्थिर होती. पुठ्ठे समान उचलत होते. मी मागचा डावा पाय वाकवून मिनिटभर धरला आणि सोडताच दुडकवायला सांगितले. पहिली दोन पावले किंचित आखूड पडली, असे मला वाटले. तिसरे पाऊल पूर्ण होते. ओल्या काँक्रीटवर दोन पावले कोणतीही घोडी जपून टाकते. मी ती दोन पावले सोडून दिली.

तुम्ही वळून आलात. घोंगडी पुढे केलीत. मी हात घातला.

तुमचा हात थरथरत होता, नेहमीसारखा. तुमच्या तळव्याने माझी बोटे घेरली, मूठ होत आली, आणि माझ्या अनामिकेवर दाब आला. एकदाच. मग पुन्हा सगळा हात थरथरू लागला. मी दोन श्वास थांबलो. दुसऱ्यांदा दाब आला नाही. मी तुमच्या तोंडाकडे पाहिले. तुम्ही बागायतदाराला म्हणालात, "जरा पाणी द्या."

सोपानने तोपर्यंत घोडीच्या मानेवर हात टाकला होता, आणि घोडीने तो टाकू दिला होता. मी मोठ्याने म्हणालो, "घोडी घ्या."

मी त्या दाबाला तुमचा कंप मानले. हे मी स्वतःला अनेकदा बजावून सांगितले आहे. पण कंप चारही बोटांवर असतो, म्हाळाप्पा. तो एका बोटावर कसा येतो?

परतताना तुम्ही मध्ये बसला होता आणि बाहेर पाहत होता. मी विचारायला हवे होते. एक वाक्य पुरले असते. पण विचारणे म्हणजे न्हावऱ्याला बोललो ते मागे घेणे होते. तुम्हीही सांगायला हवे होते. पण सांगणे म्हणजे ज्याने कान राहिला नाही म्हटले त्याच्यापुढे कानाची साक्ष काढणे होते.  सोपान सबंध रस्ताभर घोडीला नाव कोणते ठेवावे हे बोलत होता. दारात उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "उद्या या चहाला."

मी गेलो नाही. परवाही गेलो नाही. अकरा दिवस गेलो नाही. बाराव्या दिवशी सकाळी सोपानचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून.

तुमच्या दहाव्याला घोडनदीच्या काठी सगळे जमले होते. पिंड ठेवले. कावळे झाडावर होते, पण उतरत नव्हते. लोकांनी नेहमीप्रमाणे बोलायला सुरुवात केली. कोणी म्हणाले, वहिनींना सांभाळू. कोणी म्हणाले, नातींना शिकवू. कावळे हलले नाहीत. मग सोपान पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आप्पा, तुमी शेवटची पसंत केलेली घोडी हाय. यात्रंला घाटात मीच पळवतो. काळजी करू नका."

एक कावळा खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली. बायका रडू लागल्या. शेजारचा मला म्हणाला, "बघा डाक्टर, जीव घोडीत अडकला व्हता."

कावळ्याला घोडीतले काही कळत नाही, हे मी जाणतो. तरी मी पायरीवर बसलो. लोकांना ते दुःख वाटले. ती भीती होती. तुम्ही पसंत केलेली घोडी, असे तो म्हणाला होता, आणि ते खोटे असेल तर हे जाणणारा मी एकटा होतो. त्याच वेळी उठून बोलायला हवे होते. चारशे माणसांसमोर, पिंडाजवळ, माझा निर्णय चुकला असेल असे म्हणायला हवे होते. मी उठलो नाही.

यात्रेला आठ दिवस होते. गाड्याला चार बैल असतात आणि त्यांच्यापुढे घोडी. घोडी पळते म्हणून बैल पळतात. सपाटीवर दुडकताना जो दोष लपतो, तो घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, चढावर भरधाव वेगात, पाठीवर स्वार असताना, मागच्या पायावर सगळा भार आला की उघडा पडतो. मग घोडी बसते. आणि स्वार जिथे पडतो तिथे मागून चार बैल आणि गाडा येत असतो. हे मी एकदा पाहिले आहे. तुम्हीही माझ्याशेजारी उभे होता. त्या दिवशी तुम्ही कान दोन्ही हातांनी झाकले होते.

त्या आठ दिवसांत मी रोज सकाळी तुमच्या दारात गेलो. घोडी थंड असताना बाहेर काढायला लावली. डांबरी रस्त्यावर पाहिली, नांगरटीत पाहिली, वळवून पाहिली. काही दिसले नाही. बाहेरून एका खाजगी पशुवैद्यकाला आणले. त्याने यंत्राने मागच्या पायांच्या हाडांची चित्रे काढली. "हाडात काही नाही, काका," तो म्हणाला. "पण शिरा-दोऱ्यांचं यात येत नाही. शंका असेल तर महिनाभर पळवू नका." महिना आपल्याकडे नव्हता.

शेवटी मी तुमच्यासारखे केले. पाठ फिरवली, डोळे मिटले. सोपानला वाटले, तुमच्या आठवणीने करतो आहे. मला नगर रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. स्वतःचे काळीज ऐकू आले. टापांचा आवाज आला, पण त्यातला कोणता पाय कोणता, हे सांगता आले नाही. जी विद्या मी चाळीस वर्षे नाकारली, ती आठ दिवसांत कशी यावी?

मी वहिनींना विचारले, "दौंडहून आल्यावर ते घोडीविषयी काही बोलले होते का?"

"घोडीचं न्हाई बोलले, भाऊजी. तुमचं बोलले."

"काय?"

"म्हनले, डाक्टरला आता एकट्यानं बाजार कराय शिकलं पायजे."

"रागाने म्हणाले?"

"तेंचा राग आन् माया मला तरी कुठं वेगळी कळली?" त्या म्हणाल्या. मग पुढे, "शेवटी शेवटी हात लई हलायचा वो. घास तोंडात घालाय जायचे, तर गालाला लागायचा."

म्हणजे तेथेही मला दोन्ही उत्तरे मिळाली.

मी सोपानला का सांगत नव्हतो, हे तुम्ही विचाराल. पुरावा नव्हता, हे एक. त्याने वडिलांच्या पिंडापुढे शब्द दिला होता, हे दुसरे. तिसरे कारण असे की लोक माझ्यावर विश्वास ठेवत होते, आणि ती सवय मोडायला मी घाबरत होतो. तिन्ही कारणे खरी आहेत. तिसरे सर्वांत मोठे आहे.

यात्रेच्या दिवशी मी घाटाच्या खालच्या टोकाला उभा होतो. ऊन चढले होते. कर्ण्यावरून एकेका गाड्याची बारी, म्हणजे पाळी, पुकारली जात होती. सोपानने पांढरा सदरा घातला होता आणि कपाळाला भंडारा लावला होता. तो घोडीवर बसला. मागे बैल जुंपणे चालू होते. आठ-दहा माणसे त्यांना धरून होती. घोडी दोनदा पुढे झाली, मागे आली, आणि क्षणभर मागचा डावा पाय उचलून उभी राहिली. घोड्या पाय उचलून उभ्या राहतात. विसावा घेतात. त्यात काही नाही. हे मी शंभर जणांना समजावून सांगितले आहे.

मी दोर ओलांडून गेलो आणि लगाम धरला.

"उतर," मी म्हणालो.

"काका, बाजूला व्हा. बारी लागली."

"उतर."

"काय दिसलं?"

"काही दिसले नाही."

"मंग?"

"तुझ्या वडिलांनी सांगितले होते. दौंडला. मागचा डावा. मी ऐकले नाही."

गाडामालक तात्या धावत आला. "डाक्टर, आवो पास तुमीच केली ना घोडी? शिक्का बी तुमचा, आन् रद्द बी तुमीच? आन् म्हाळाप्पा आता कुठनं बोलाय लागला, वरनं?"

कर्णा ओरडत होता, "गाडामालकांना विनंती हाय, टाइम खाऊ नका! घोडी सोडा न्हाईतर गाडा सोडा!" मागचे लोक हसू लागले. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

सोपान वरून माझ्याकडे पाहत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आप्पांनी खरंच सांगितलं व्हतं?"

म्हाळाप्पा, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'ठाऊक नाही' असे होते. उभ्या जन्मात मी पाहिले नाही ते पाहिले असे सांगितले नाही. दवाखान्याच्या नोंदवहीत नाही, बाजारात नाही, तुमच्याशी वाद जिंकण्यासाठीही नाही.

मी म्हणालो, "हो. स्पष्ट सांगितले होते."

तो उतरला. लगाम माझ्या हातात दिला. जाताना एवढेच म्हणाला, "मंग दहाव्याला का गप बसला तुमी?"

मी लगाम हाताला गुंडाळला. तात्याने दुसऱ्याची घोडी मागून आणली. बारी नीट झाली. कोणाला काही झाले नाही. मी तुमची घोडी हाताने चालवत घरापर्यंत आणली. ती सबंध वाट नीट चालली.

आता लोक माझ्याकडे घोडी दाखवायला येत नाहीत. डाक्टरची नजर गेली, असे म्हणतात. मी ऐकतो. हे त्यांनी यात्रेआधी म्हटले असते तर मी ते भांडून खोडून काढले असते. आता वाद करण्याजोगे कोणी उरले नाही. आणि खरे सांगायचे तर मला त्याचे काही वाटत नाही, कारण सोपान सकाळी कंपनीच्या बसने जातो आणि संध्याकाळी परत येतो, आणि त्याच्या दोन्ही मुली त्याची चप्पल दारात पाहून आत पळतात. तेवढे मी रोज पाहतो.

तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. मानण्याची रीत आपल्यात नव्हती. न्हावऱ्याला जे बोललो ते मला मागे घेता येत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो: ते वाक्य भीतीने आले होते. तुम्ही त्या चाकाखाली जाल असे मला वाटले होते. त्या क्षणी माझ्याजवळ दुसरे शब्द नव्हते. नंतर होते, आणि मी ते अकरा दिवस घरी घेऊन बसलो.

सोपान पाच दिवस माझ्याशी बोलला नाही. सहाव्या दिवशी तो आला आणि उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "घोडीवर बसायचं का इकायची, तुमीच सांगा. आप्पांनी सांगितलं म्हणून न्हाई. तुमाला दिसंल तवा सांगा. मी रोज काढतो."

तेव्हापासून रोज सकाळी, बस येण्याआधी, तो घोडी रस्त्यावर काढतो. मी वडाखाली उभा राहतो. काही फेऱ्या डोळ्याने पाहतो, काही पाठ फिरवून ऐकतो. आणि घोडी माझ्या दिशेने दुडकू लागली की मला दोन्ही बाजूंनी भीती वाटते. ती लंगडली, तर तुम्ही सांगितले होते आणि मी तुमच्या लेकाला तिच्यावर बसवून घाटाच्या तोंडापर्यंत पोहोचवले. ती लंगडली नाही, तर तो नुसता कंप होता. मग तुम्ही मला शेवटी काहीच सांगितले नव्हते, 'बरं' म्हणालात तेथेच आपले बोलणे संपले होते, आणि त्याच्या पुढचे म्हणून मी जे धरून बसलो आहे ते माझे मीच रचले आहे.

यांतले कोणते अधिक सोसवेल, हे मला ठरवता येत नाही.

आज सकाळी त्याने चार वेळा नेली आणि चार वेळा आणली. रस्ता कोरडा होता. वारा नव्हता. त्याने घोडी माझ्यापुढे थांबवली आणि विचारले, "काय, काका?"

"उद्या परत आण," मी म्हणालो.